ओळंब्यातला पाय

वाकडं काही दिसलं की आमच्या सर्जनसाहेबांचं डोकं फिरायचं, आणि आमच्या दवाखान्यात सरळ असं फारसं काही नव्हतंच. नगरच्या वेशीबाहेर कापसाच्या एका जुन्या वखारीत तो थाटलेला होता. साहेब रुजू झाले त्या दिवशी त्यांनी ना रोगी पाहिले, ना औषधांचं कपाट. कोटाच्या खिशातून त्यांनी गवंड्याकडे असतो तसा ओळंबा काढला, म्हणजे दोरीला लोंबणारा पितळेचा गोळा, आणि व्हरांड्याच्या एकेका खांबाला लावून पाहत सुटले. अकरा खांबांपैकी नऊ त्यांनी नापास केले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "इमारत वाकडी आहे." एवढं बोलून घरी गेले. आम्ही दोघी नर्स, एक कंपाउंडर आणि वॉर्डातले चौदा रोगी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. विलायतेहून हाडांचं शिकून आलेला मोठा सर्जन येणार म्हणून महिनाभर वाट पाहिली होती, आणि आला कोण, तर गवंडी.

लढाईची वर्षं होती ती. औषधं मिळायची मारामार, बँडेजं धुऊन धुऊन वापरायची, आणि साहेबांना चिंता खाटांच्या रांगेची. रोज सकाळी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून खाटांचे पाय एका ओळीत आणल्याशिवाय ते रोग्याकडे बघत नसत. खाटेवर माणूस असला तरी खाट सरकायचीच. एक म्हातारा तर दोन दिवस समजत होता की इथे असाच उपचार करतात. "डोळ्याला विचारू नका, दोरीला विचारा. डोळा खोटं बोलतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून दहादा ऐकावं लागायचं. मला तर एकदा माझ्या डोक्यावरची टोपी डावीकडे झुकली आहे म्हणून ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं केलं होतं. सरळ करून दाखवली तेव्हा आत घेतलं.

मी तिसगावच्या ख्रिस्ती शाळामास्तरांची मुलगी. वाचणं-लिहिणं वडिलांनी पक्कं करून घेतलेलं, त्यामुळे दवाखान्यातलं कागदाचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. जीभ तिखट होती, ती मात्र कुणी गळ्यात घातली नव्हती. साहेबांची नक्कल मी इतकी हुबेहूब करायची की वॉर्डातले रोगी टाके दुखेपर्यंत हसायचे.

नक्कल करायला माल तरी किती होता! एका नाताळाला पाळकसाहेबांनी त्यांना अगत्याने चर्चमध्ये बोलावलं. पहिल्या बाकावर बसवलं. प्रवचन सुरू झालं आणि साहेबांची मान हळूहळू एका खांद्यावर कलायला लागली. आम्हाला वाटलं, भक्तीने. मग ते उठले, सरळ वेदीपाशी गेले, एका स्टुलावर चढले आणि भिंतीवरचा क्रूस बोटभर उजवीकडे सरकवून, त्याला ओळंबा लावून, परत जागेवर येऊन बसले. पाळकसाहेब बिचारे बेथलेहेमच्या वाटेवरच थांबून राहिले होते. साहेबांनी हाताने खूण केली, चालू द्या. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून त्यांचं नाव काढणं सोडलं.

दुसरं वेड बाभळीचं. त्यांना वाकड्या फांद्या लागायच्या. लहानपणी मोडून वाकडी जुळलेली, किंवा मुडदुसाने वाकलेली पायाची हाडं हा त्यांचा खास विषय. अशा वाकड्या हाडाला पुन्हा मार बसून ते मोडलं की काय करायचं, हे ते बाभळीवर शिकत. वाकलेली फांदी घ्यायची, वाकणाशी करवतीने तिची पाचर काढायची, दोन्ही तोंडं जुळवायची, वर पट्टी ठोकून स्क्रू पिळायचे, की फांदी सरळ. सुताराकडे असतात तशा पटाश्या, करवती, गिरमिटं त्यांच्या खोलीत टांगलेली. तालुक्या-तालुक्यांत बातमी पसरली की नगरचे डॉक्टर बाभळीच्या लाकडाचं औषध करतात. मग येणारा प्रत्येक नातेवाईक फांदी घेऊन यायचा. पाथर्डीकडचा एक धनगर डोक्यावर भारा घेऊन पायी आला. साहेबांनी एकेक काठी डोळ्यासमोर धरली आणि सगळा भारा परत केला. "या सरळ आहेत. मी यांचं काय करू?" तो बिचारा माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, आमच्याकडची बाभळ बी न्हाई चालत का ह्यांना?" अंगणात पाचरींचा ढीग पडलेला असायचा. आमची स्वयंपाकीण त्यावर चहा उकळायची, आणि तेवढाच काय तो त्यांचा उपयोग असं मी म्हणायची.

रोग्याशी बोलणं त्यांना जमत नसे. नावं तर त्यांना ठाऊकच नसत. "चार नंबरच्या नडगीला ताप आहे का? दोन नंबरची मांडी जेवली का?" असं विचारायचे. आणि कागद म्हटला की त्यांना झुरळ दिसल्यासारखं व्हायचं. ऑपरेशनच्या संमतीचा एक कागद त्यांनी स्वतःच एकदा लिहून छापून घेतला होता. "माझ्या अंगावर सर्जनसाहेबांना योग्य वाटेल ती शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे." बस्स. गळू फोडायचं असो की मांडी कापायची असो, सगळ्यांना हाच कागद. मी तो वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, फायलीत लावायचा. साहेब त्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांच्या मते रोग्याचं म्हणणं त्याच्या हाडात असतं, आणि हाड एक्स-रेच्या फोटोत दिसतं.

हात मात्र सोन्याचा होता, खोटं का बोला. हाडाला हाताचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, सगळं लांब दांड्याच्या चिमट्यांनी करायचं, हा त्यांचा कडक नियम. त्यामुळेच आमच्या त्या वखारीत पू झालेला रोगी क्वचित दिसायचा. पण सोन्याच्या हाताला तोंड आणि कान नसले तर तो हात काय कामाचा, असं मला तेव्हाही वाटायचं.

आता गणपतचं सांगते.

गणपत विणकर होता. वय असेल पन्नाशीला टेकलेलं. घरी खड्ड्यातला माग. या मागावर विणकर जमिनीच्या काठाशी बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खाली दोन पावड्या असतात त्या पायांनी आळीपाळीने दाबतो. पावडी दाबली की सूत उघडतं, मग हाताने धोटा फेकायचा. गणपतची डावी नडगी लहानपणी चिंचेवरून पडून मोडली होती. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि हाड जुळलं ते बाहेरच्या अंगाला चांगलं विळ्यासारखं वाकून. त्याच पायाने माणसाने चाळीस वर्षं लुगडी विणली. मग एक दिवस सूत घेऊन घरी येताना टांग्यातून उतरला, पाय लचकला आणि नेमकं जुन्या वाकणातच हाड मोडलं.

साहेबांनी फोटो खिडकीच्या काचेला लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की लग्न ठरल्याची बातमी आली असावी. किती वर्षं बाभळीवर जे करत होते ते आता माणसावर करायला मिळणार होतं. त्यांनी फोटोवर पातळ कागद ठेवून हाडाची आकृती काढली, कात्रीने कापली, वाकणातून कागदाची पाचर काढली आणि दोन तुकडे जोडून गणपतच्या नाकासमोर धरले.

"हे बघ. सरळ."

गणपत दुखण्याने घामाघूम झाला होता, पण त्याने तो कागद नीट निरखून पाहिला. "कागद सरळ झाला, सायेब. पन मला पाय हुता तसाच पायजे."

"तसाच? वाकडा?"

"व्हय. माझ्या बापानं ह्या पायाच्या मापानं खड्डा खनला, डावी पावडी बाजूला सरकवून ठोकली. माझा माग ह्या पायावर बसलाय. सरळ झाला तर पावडीला बसंल का न्हाई, कुनाला ठावं?"

साहेब माझ्याकडे वळले. गणपत तिथे नसल्यासारखं मला म्हणाले, "वाकडं सरळ करता येत असताना वाकडं ठेवणं हा गुन्हा आहे. कागद करून घ्या. दहा वाजता हा ऑपरेशनच्या टेबलावर पाहिजे."

कंपाउंडर आणि मी व्हरांड्यात येऊन पोट धरून हसलो. हो, मीही हसले. फुकटात सरळ पाय मिळतोय आणि हा म्हणतो वाकडाच द्या! साहेब वेडे होते हे खरंच, पण हा त्यांच्याहून वेडा निघाला असं आम्हाला वाटलं.

कागद घेऊन मी त्याच्या खाटेशी गेले. त्याची बायको सीता उशाशी उभी होती. गणपत म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या हायेत. सायेब माझं ऐकंनात. तेवढं ह्यात लिवा की, पाय हुता तसाच बसवायचा म्हनून."

कागद छापील. त्यात लिहायला जागा नव्हती, आणि असती तरी साहेबांनी तो वाचला नसता. साडेनऊ वाजून गेले होते. हत्यारं अजून उकळायची होती, आणि आतून साहेबांचा आवाज चढत होता. मी म्हटलं, "लिहिलेलं आहे त्यात. अंगठा करा."

"वाचून दावा की जरा."

मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वडील वर्गात वाचायचे त्या स्वच्छ आवाजात वाचलं, "गणपत याचा डावा पाय होता तसाच बसवावा, यास माझी संमती आहे."

त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि अंगठा पुढे केला. शाई मीच लावली. मला त्या वेळी जराही टोचलं नाही. त्याच्याच भल्याचं आहे, उद्या सरळ पायाने चालत घरी गेला की आपलेच आभार मानेल, असं म्हणून मी हत्यारं उकळायला गेले.

ऑपरेशन तीन तास चाललं. जुन्या वाकणापाशी हाड दगडासारखं कठीण झालेलं. पटाशी आपटून मागे यायची. एक गिरमिट तुटलं, दुसरं लावलं. साहेबांकडे विलायतेहून आणलेल्या पोलादी पट्ट्यांची एक मखमली पेटी होती, आणि लढाईमुळे नव्या येत नव्हत्या. तिच्यातली शेवटची पट्टी त्यांनी इतके दिवस अशाच एखाद्या हाडासाठी जपून ठेवली होती, ती गणपतला लागली. हत्यारांबरोबर मी ओळंबाही दोरीसकट उकळला होता, त्यांचा तसा हुकूमच होता. पाचर निघाली, तोंडं जुळली, पट्टी बसली, मग पाय उभा उचलून धरायला लावून त्यांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ओळंबा सोडला. दोरी कुठे रेसभर हलली नाही. तोंडाला फडकं बांधलेलं असूनही साहेब हसताहेत हे मला कळलं.

घोट्याखाली मात्र कुणी पाहिलं नाही. पाऊल निर्जंतुक फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, साहेबांच्याच नियमाने.

ती हाडाची पाचर त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत घालून टेबलावर ठेवली. फोटो खिडकीला. छावणीतले गोरे डॉक्टर मोटारी घेऊन बघायला आले आणि माना डोलावून गेले. कुणी पाहुणा आला की साहेब बाटली हलवून दाखवायचे. गणपत दहा पावलांवर प्लॅस्टरमध्ये पडलेला असायचा, पण त्याच्यापर्यंत कुणी गेलं नाही. पाचर बघितली की सगळं बघितलं. एकाही मोठ्या डॉक्टराने खाटेवरच्या माणसाला "काय करतोस रे बाबा पोटाला?" एवढं विचारू नये, याचा मला संताप यायचा. संताप यायचा म्हणजे मी व्हरांड्यात जाऊन त्यांची नक्कल करायची.

चार महिन्यांनी प्लॅस्टर कापलं. नडगी अशी सरळ की बाभळीनेही हेवा करावा. गणपतने काठी धरून पाय टेकला आणि तसाच थबकला. पाऊल जमिनीवर बसेना. तळव्याची आतली कड टेकायची, बाहेरची अधांतरी. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नडगी वाकडी, तरी तळवा जमिनीवर सपाट पडावा म्हणून त्या पावलाने चाळीस वर्षं उलट्या बाजूला झुकून जुळवून घेतलं होतं आणि तिथेच घट्ट झालं होतं. आता नडगी सरळ झाली आणि पाऊल जुन्याच कलाने राहिलं.

साहेबांनी ओळंबा लावला. गुडघा ते घोटा, तंतोतंत. मग त्यांची नजर घोट्याखाली गेली. "मालिश करा. येईल जागेवर," असं म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी खाटांना सुतळी लावली नाही. मला वाटलं, हरले की रुसतात लहान पोरासारखे. तेही मी सगळ्यांना करून दाखवलं.

दीड-दोन महिन्यांनी सीता दवाखान्यात आली. तिच्या हातावर सुताचे वळ होते. दुसऱ्यांच्या मागांसाठी ती दिवसभर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती.

"बाई, पाय सरळ झाला आन् मानूस बसून ऱ्हायला," ती म्हणाली. "पावडी दाबाया जातो तर पाऊल घसरतंय. कडंवर जोर येतो. हातभर विनलं की पोटरीत गोळा येतो आन् रडतोय हो, बाप्या मानूस. येत्या बाजाराला माग मोडून लाकडं इकायची म्हनतो. त्याच्या बापाचा माग हाय त्यो."

"साहेबांना सांगते," मी म्हटलं. सांगायला तर मी टपलेलीच होते. साहेब खोलीत फांदी कापत होते. मी दारातूनच म्हटलं, "तुमचा तो सरळ पाय कामाला येत नाही म्हणे. माग विकायला काढलाय त्याने."

"कोणता?"

"चार नंबरची नडगी."

करवत थांबली. मला अगदी समाधान वाटलं, आणि ते समाधान घेऊन मी घरी गेले.

रविवारी सकाळी चर्चमधून बाहेर पडते तो फाटकाशी टांगा उभा. आत साहेब, मांडीवर पोतं. "बसा," म्हणाले. "घर तुम्हाला माहीत असेल." पोत्यात करवत, पटाशी, खिळे आणि बाभळीच्या पंधरा-वीस पाचरी होत्या. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"गणपत."

"गणपत," ते स्वतःशी म्हणाले.

घर दीड खणाचं. त्यातला एक खण मागाने व्यापलेला. साहेबांना दारात पाहून गणपत काठीवर उठायला लागला. साहेबांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि स्वतः कोटासकट, बुटांसकट त्या खड्ड्यात उतरले. सवयीने ओळंबा काढून त्यांनी पावडीला धरला. मग एकदम ओशाळल्यासारखे झाले आणि तो खिशात घातला. दवाखान्यात ज्या माणसाने चिमट्याशिवाय हाडाला हात लावला नाही, त्याने गणपतचा तळवा दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "इथे दाबलं तर दुखतं? आणि इथे?"

चार तास ते खड्ड्यात होते. पावडी उपटून त्यांनी आतल्या अंगाला घेतली. तळवा ज्या कलाने होता त्या कलाची पाचर तासून पावडीवर बाहेरच्या कडेखाली ठोकली. गणपतने दाबून पाहिलं, नाही जमलं. दुसरी तासली. तीही नाही. उकाड्याने त्यांच्या कोटातून घाम गळत होता, आणि सगळं आयुष्य सरळ करण्यात घालवलेला तो माणूस एका लाकडाच्या फळीला अचूक वाकडं करत बसला होता. मी काठावर बसून ते बघत होते आणि उद्या वॉर्डात हे कसं रंगवून सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते.

पाचवी पाचर बसली. गणपतने पाय ठेवला, दाबला, धोटा फेकला. पुन्हा दाबला, पुन्हा फेकला. घरात बऱ्याच महिन्यांनी तो खटखटाट झाला असावा, कारण सीता चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. तो हातभर विणून झाल्यावर थांबला. सगळेच त्याच्या पोटरीकडे बघत होतो.

"बसतंय," गणपत म्हणाला. "बसतंय, सायेब."

सीतेने पदर डोळ्यांना लावला. साहेब अजून खड्ड्यातच उभे होते, त्यामुळे त्यांचं तोंड गणपतच्या गुडघ्यापाशी आलं होतं. खालूनच त्यांनी विचारलं, अगदी हळू, "तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी पुन्हा का नाही सांगितलं? भांडायचं होतं माझ्याशी."

"दोनदा कशापायी सांगू?" गणपत सरळपणाने म्हणाला. "कागदावर लिवलंच हुतं की, पाय हुता तसाच बसवायचा म्हनून. बाईंनी वाचून दावलं, तवाच अंगठा दिला. मला वाटलं, आत काय अडचन आली आसंल, म्हनून सायबानं सरळ केला."

तो कागद साहेबांनी स्वतः लिहिला होता. त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. फोटो बघताना बघायचे तसंच.

मग ते गणपतकडे वळले आणि म्हणाले, "हो. लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. चूक माझी."

"आसू द्या, सायेब," सीता म्हणाली. "तुमाला काय एक काम हाय का. चा घेता ना?"

त्यांनी चहा घेतला. मला कपात काय आहे तेही कळलं नाही. त्या घरात, त्या दोघांसमोर, खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. माझ्या वडिलांनी शिकवलेला तो स्वच्छ आवाज त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

परतीच्या टांग्यात मी वाट बघत होते की आता बोलतील, आता काढून टाकतील. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "याचं डावं चाक वाकडं फिरतंय." टांगेवाल्याने वळून पाहिलं. बाकी काही नाही. त्या गोष्टीवर ते पुढे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

गणपतचा माग विकला गेला नाही. पूर्वीचा वेग परत आला नाही. दिवसाला विणायचा त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागलं. पण विणत राहिला.

आठवडाभराने दवाखान्यात संमतीचे नवे कागद आले. जुन्या मजकुराखाली चार ओळींची कोरी जागा, वर शीर्षक, "रोग्याचे म्हणणे". रेघा साहेबांनी स्वतः पट्टीने आखल्या होत्या, अर्थातच अगदी सरळ. त्या जागेत मी लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. मग टेबलावर रोग्याला भुलीचं औषध हुंगवण्याआधी साहेब तो कागद हातात घेत, त्याला नावाने हाक मारत, आणि मी लिहिलेलं त्याला मोठ्याने वाचून दाखवून विचारत, "बाईंनी असं लिहिलंय. तुम्ही असंच म्हणाला होता ना?" रोगी हो म्हणाला की मगच हत्याराला हात. मी तिथे त्यांच्या शेजारी ट्रे धरून उभी असायची. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि एकदाही विचारायचं सोडलं नाही. पुढची सहा वर्षं, बदली होऊन गेले त्या सकाळपर्यंत.

नवीन आलेल्या पोरी मला विचारायच्या, "सिस्टर, हे काय? रोग्याने एकदा सांगितलेलं पुन्हा कशाला विचारतात?"

मी ओळंब्याची, बाभळीची, क्रूसाची गोष्ट सांगायची, त्यांच्यासारखी मान तिरकी करून दाखवायची, आणि पोरी हसायला लागल्या की म्हणायची, "काही नाही गं, साहेबांचं आणखी एक वेड."